चाळीस वर्षांचा नगरसेवक

डिसेंबर १९०७. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात लोकमान्य टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे आहेत, मंडपात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, आणि गर्दीतून एक दख्खनी जोडा भिरभिरत येतो. तो आधी सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागतो आणि तिथून उसळून शेजारच्या भारदस्त पारशी गृहस्थांना. हे गृहस्थ म्हणजे सर फिरोजशहा मेहता. मराठी वाचकाची त्यांच्याशी ओळख बहुतेक वेळा या जोड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मवाळांचे म्होरके, टिळकांचे विरोधक, नागपूरला ठरलेलं अधिवेशन सुरतेला नेणाऱ्यांपैकी एक. यातलं काहीच खोटं नाही. पण काँग्रेस हा फिरोजशहांच्या आयुष्यातला वर्षाकाठी चार दिवसांचा मामला होता. उरलेलं वर्ष हा माणूस मुंबईच्या महापालिकेत बसायचा. पाणी, गटारं, घरपट्टी, पोलिसांचा खर्च, आयुक्तांनी पाठवलेले कागद, स्थायी समितीचे अहवाल यांत त्यांची चाळीसहून जास्त वर्षं गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर ते नगरसेवक होते. आणि आज मुंबईत महापौरापेक्षा आयुक्ताचं वजन जास्त का, पुण्यात किंवा कोल्हापुरात स्थायी समितीच्या अध्यक्षपदासाठी एवढी ओढाताण का होते, याचं उत्तर शोधत मागे गेलं की वाट शेवटी त्यांच्यापर्यंत जाते.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईतल्या व्यापारी पारशी घरातला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये पदवी घेतली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची या विद्यार्थ्यावर मर्जी होती. रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर करण्यासाठी शिष्यवृत्ती ठेवली होती, तिच्यासाठी ग्रँटसाहेबांनी फिरोजशहांचं नाव पुढे केलं. ते लंडनला पोहोचले आणि इकडे मुंबईचं दिवाळं वाजलं.

हे दिवाळं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण मुंबईची महापालिका जन्मली ती त्याच्याच ढिगाऱ्यातून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर आकाशाला भिडले, कालचे दलाल आज शेठ झाले. युद्ध थांबलं तसा कापसाचा भाव कोसळला आणि १८६५ च्या उन्हाळ्यात पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. रुस्तमजींची पेढीही त्यांत होती. शिष्यवृत्ती आटली. फिरोजशहांनी तरी लिंकन्स इन मधला अभ्यास पुरा केला आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले. लंडनच्या दिवसांत दादाभाई नौरोजींच्या घरी ऊठबस झाली होती, उमेशचंद्र बॅनर्जी आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याशी मैत्री जडली होती. शहर मात्र ते सोडून गेले तेव्हा होतं तेवढंही उरलं नव्हतं. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली.

या पडत्या काळात शहराचा कारभार एका धडाडीच्या इंग्रजाच्या हाती होता: आर्थर क्रॉफर्ड. १८६५ च्या कायद्याने शहराचा सगळा कार्यकारी अधिकार एका म्युनिसिपल कमिशनरला, म्हणजे आयुक्ताला, दिला होता. त्याच्यावर देखरेख ठेवायची ती ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींनी, म्हणजे सरकारने नेमलेल्या शेकडो प्रतिष्ठितांनी. आता शेकडो प्रतिष्ठित मिळून कसली देखरेख ठेवणार? जमले तर जमले, बोलले तर बोलले. क्रॉफर्डने रस्ते रुंद केले, गटारं काढली, साफसफाईची घडी बसवली, आणि आपण आजही ज्याला क्रॉफर्ड मार्केट म्हणतो ती मंडई उभी केली. शहर खरंच स्वच्छ झालं, मृत्यूंचं प्रमाण घटलं. पण पैसा त्याच्या हातून पाण्यासारखा गेला. धंदा बसलेल्या, घरभाडी घसरलेल्या शहरात घरपट्टी वाढत राहिली आणि अंदाजपत्रकाला विचारणारं कोणी नव्हतं. १८७१ मध्ये करदात्यांनी उठाव केला. नौरोजी फर्दुनजींसारखे जुने सुधारक या चळवळीत पुढे होते. मागणी साधी होती: क्रॉफर्ड नको, आणि असा सर्वाधिकारी कमिशनरही नको. कारभार समितीच्या हाती द्या.

धोबी तलावाजवळच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी एक सभा झाली. सव्वीस वर्षांचे बॅरिस्टर मेहता तिथे निबंध वाचायला उभे राहिले आणि सभेला नको होतं नेमकं तेच बोलले. क्रॉफर्डने पैसा उधळला हे मान्य, पण शहरासाठी त्याने केलेलं कामही खरं, असं त्यांनी सांगितलं. दोष एकहाती अंमलबजावणीचा नाही. समितीने रस्ते झाडायचे म्हटलं तर रस्ते कधीच झाडले जाणार नाहीत, आणि कोणी झाडले नाहीत हेही कळणार नाही. दोष आहे तो देखरेखीचा. जस्टिस मंडळी कोणाला जबाबदार नाहीत, म्हणून ती कोणाला जाब विचारू शकत नाहीत. तेव्हा कमिशनर राहू द्या, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडून दिलेली सभा बसवा आणि हिशेब तपासणारा माणूस त्याच्या हाताखालचा ठेवू नका. श्रोत्यांनी आरडाओरड केली, वर्तमानपत्रांनी झोडपलं. क्रॉफर्डचा वकील म्हणून त्यांची हेटाळणी झाली.

माझ्या मते फिरोजशहांच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसाचा क्षण हाच. विलायतेहून परतून तीन वर्षं झालेली, वकिलीत अजून नाव नाही, आणि लोकक्षोभाच्या उलट दिशेला उभं राहायचं. पुढच्या वर्षी सरकारने जो कायदा केला त्यात त्यांच्या मांडणीचा गाभा उतरला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली. त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस मंडळींनी, १६ सरकारने नेमायचे. पैशावर नजर ठेवायला बारा जणांचं एक ‘टाउन कौन्सिल’. हिंदुस्थानात शहराच्या कारभाऱ्यांपैकी निम्मे लोक निवडून येणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पुण्याकडे पाहिलं म्हणजे हे ध्यानात येतं. महात्मा फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेत होते ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायच्या ठरावाला विरोध करणारे ते एकटेच निघाले, याचं एक कारण त्या सभेच्या बनावटीतच होतं.

क्रॉफर्डचं पुढे काय झालं हेही जाता जाता सांगायला हवं, कारण ती मराठी इतिहासातली गाजलेली भानगड आहे. तो पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर झाला, मामलेदारांकडून पैसे उकळल्याच्या आरोपात १८८८ मध्ये निलंबित झाला, आणि त्या प्रकरणात अडकलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी हिरिरीने मांडली. चौकशीत लाचेचा आरोप टिकला नाही, पण हाताखालच्यांकडून कर्ज काढल्याबद्दल त्याची नोकरी गेली. एकहाती सत्तेला जाब विचारणारं कोणी नसलं की माणूस कुठवर जातो, याचं उदाहरण फिरोजशहांना असं आयतं मिळालं.

१८७३ मध्ये नवी महापालिका सुरू झाली आणि फिरोजशहा तिचे सभासद झाले. सभासदाला पगार नव्हता. त्यांचं पोट वकिलीवर चालायचं. हायकोर्टापेक्षा मुफसलात आणि काठेवाडच्या संस्थानांत त्यांना मोठी मागणी होती. पैसा चांगला येई आणि खर्चही राजेशाही असे. रेल्वेने जाताना त्यांचा स्वतंत्र सलून डबा असायचा. १९०१ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसला जाताना गांधीजींना त्यांच्याशी बोलायला वेळ मिळाला तो याच डब्यात, एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत. त्याआधी १८९६ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन मुंबईत आले, तेव्हा फिरोजशहांनी त्यांना भाषण लिहून आणायला लावलं होतं. सभा त्याच फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये. गांधीजींचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोहोचेना, तेव्हा शेवटी दिनशा वाच्छांनी ते वाचून दाखवलं. फिरोजशहा मला हिमालयासारखे वाटले, असं गांधीजींनी आत्मकथेत नोंदवून ठेवलं आहे. जवळ जावंसं वाटेल अशी ही उपमा नाही, आणि ती चपखल आहे.

सभागृहातली त्यांची पद्धत मात्र हिमालयाची नव्हती, कारकुनाची होती. कागद वाचायचे. कायद्याची कलमं तोंडपाठ ठेवायची. कमिशनरने पाठवलेल्या पत्रातला आकडा मागच्या वर्षीच्या पत्राशी ताडून पाहायचा. सभेच्या नियमांवर त्यांची अशी पकड होती की हरकतीचा मुद्दा काढून ते तासाभराची चर्चा दोन मिनिटांत संपवत. १८८४ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले, पुढच्या वर्षी पुन्हा. बोरीबंदरसमोरच्या आजच्या मुख्यालयाचा पाया लॉर्ड रिपनच्या हस्ते डिसेंबर १८८४ मध्ये बसला तो त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत १८९३ मध्ये पुरी झाली, आणि खर्च मंजूर रकमेच्या आत राहिला. सरकारी बांधकामाबद्दल असं वाक्य लिहायची संधी क्वचितच मिळते.

त्यांचं खरं बांधकाम मात्र कायद्याचं. १८७२ च्या कायद्यात धूसर जागा पुष्कळ होत्या. अंतिम अधिकार कोणाचा, महापालिकेचा की कमिशनरचा, यावर खटके उडत. सरकारने नवं विधेयक आणलं आणि त्याचा कल कमिशनरकडे होता. फिरोजशहा १८८७ मध्ये मुंबई कायदेमंडळावर नेमले गेले. सोबत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी आणि फिरोजशहा हे तेव्हाच्या मुंबईचं त्रिकूट. बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन या तिघांनीच १८८५ मध्ये उभी केली होती. मेहता आणि तेलंग यांनी विधेयक कलमाकलमाने सोलून काढलं. त्यातून १८८८ चा मुंबई महापालिका कायदा घडला.

त्या कायद्याची रचना थोडक्यात अशी. कारभाराची तीन अंगं: महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त. शहराचा कारभार महापालिकेकडे असेल, असं कायदा स्पष्ट म्हणतो. अंमलबजावणीचा संपूर्ण अधिकार आयुक्ताचा. आयुक्त सरकार नेमणार, पण महापालिकेच्या एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांश सभासदांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं तर सरकारला त्याला परत बोलवावंच लागेल. दोहोंच्या मधे स्थायी समिती. आयुक्ताने अंदाजपत्रक तिच्याकडे द्यायचं, ती त्यात फेरफार करून सभागृहापुढे ठेवणार. ठरावीक रकमेवरचं कंत्राट तिच्या मंजुरीवाचून होणार नाही. झाडू एका हातात आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्या हातात, अशी ही वाटणी आहे. सभासद झाले ७२: वॉर्डांतून ३६, जस्टिस मंडळींचे १६, सरकारचे १६, विद्यापीठाच्या फेलोंचे २ आणि चेंबर ऑफ कॉमर्सचे २.

या आकड्यांकडे नीट पाहिलं की फिरोजशहांची मर्यादाही दिसते. वॉर्डांतले ३६ निवडणार कोण? ठरावीक रकमेच्या वर कर भरणारे. परळ-लालबागच्या गिरण्यांत बारा-बारा तास राबणारा, खोलीत दहाजणांत झोपणारा कोकणी किंवा घाटी कामगार या हिशेबात कुठेच नव्हता. तो भाडं भरत होता, त्या भाड्यातून घरमालक घरपट्टी भरत होता, आणि मत घरमालकाला होतं. फिरोजशहांना यात फारसं खुपलं असं दिसत नाही. शिकलेल्या आणि मालमत्ता असलेल्या लोकांनी शहर चालवावं, हळूहळू इतरांना त्यात घ्यावं, ही त्यांची धारणा होती. ‘हळूहळू’ किती हळू ते इतिहासाने दाखवलं: मुंबई महापालिकेला प्रौढ मताधिकार मिळाला तो १९४८ मध्ये.

या ७२ जणांचं सभागृह नुसतं वादांचा अड्डा नव्हतं. एक नाव इथे घ्यायलाच हवं. डॉ. अकासिओ व्हिएगश, मूळ गोव्यातल्या हडफड्याचे, मांडवीत दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि स्थायी समितीचे सभासद. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत त्यांना विचित्र ताप आणि जांघेत गाठ असलेले रोगी दिसू लागले. ही प्लेगची साथ आहे, हे त्यांनी ओळखलं आणि स्थायी समितीत उभं राहून सांगितलं. आपल्या भागात काय चाललं आहे ते नगरसेवकाने सभागृहात सांगायचं असतं. व्हिएगशांनी तेच केलं. पुढे १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमासमोरचा त्यांचा पुतळा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो, पण तो कोणाचा हे विचारणारे थोडे.

प्लेगने मुंबईची व्यवस्था उघडी पाडली. दाटीची, उजेडवारा नसलेली वस्ती हे रोगाचं मूळ मानून सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. रस्ते फोडायचे, चाळी पाडायच्या, नव्या वस्त्या वसवायच्या. आजचा प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही ट्रस्टचीच कामं. ट्रस्टला पैसा महापालिकेकडूनही जायचा, पण ट्रस्टवर महापालिकेचे प्रतिनिधी मूठभर. फिरोजशहांना हे कधीच पटलं नाही. शहराचं काम करायचं आहे ना, मग शहराने निवडलेल्या सभेकडून करून घ्या, वेगळं सरकारी मंडळ कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. ट्रस्ट अखेर १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. आज मुंबईत रस्ता एका संस्थेचा, पूल दुसरीचा, झोपडपट्टी पुनर्वसन तिसरीकडे आणि समुद्रकिनारा चौथीकडे अशी जी गत आहे, ती पाहिली की हा जुना वाद अजून मिटलेला नाही हे कळतं.

दुसरा लांबलेला वाद पोलिसांच्या खर्चाचा. मुंबईच्या पोलिसांवर हुकूम सरकारचा, पण खर्चाचा मोठा वाटा महापालिकेने उचलायचा, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला होता. ज्यांच्यावर आमचा अधिकार नाही त्यांचा पगार आम्ही का द्यावा, हा प्रश्न फिरोजशहांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरला. १९०७ मध्ये तोड निघाली. पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण, दवाखाने, देवी टोचणं हा भार महापालिकेवर आला. मुंबई महापालिका आज एवढ्या शाळा आणि केईएम, नायर, सायन यांसारखी मोठी रुग्णालयं चालवते, त्यामागे ही वाटणी आहे. शहराची पालिका वैद्यकीय महाविद्यालयं चालवते म्हटल्यावर बाहेरचे लोक चकित होतात, मुंबईकराला मात्र त्यात काही विशेष वाटत नाही.

तोपर्यंत फिरोजशहांचं प्रस्थ फार वाढलं होतं. १८९० मध्ये ते कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते, १८९३ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते, १९०४ मध्ये ‘सर’ झाले. कलकत्त्याच्या त्या मंडळात त्यांनी पोलीस विधेयकावर सरकारला अशा भाषेत सुनावलं की अर्थखात्याचे वेस्टलंडसाहेब चिडून म्हणाले, हा नवाच वारा इथे शिरला. १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमीन महसुलाचं विधेयक बहुमताच्या जोरावर रेटलं जाऊ लागलं, तेव्हा ते उठून सभागृहाबाहेर गेले आणि त्यांच्यामागून गोखलेही गेले. पण महापालिकेत तर त्यांचा शब्द म्हणजे कायदाच. त्यांच्या इशाऱ्यावर मतं पडत. ‘मुंबईचा अनभिषिक्त राजा’ हे बिरुद कौतुकाचं होतं तसंच कुरकुरीचंही.

या राजाला खाली ओढायचं इंग्रज अधिकाऱ्यांनी १९०७ मध्ये मनावर घेतलं. अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर ही त्यातली ठळक नावं. इतिहासात ही मंडळी ‘कॉकस’ म्हणून ओळखली जाते. फिरोजशहा जस्टिस मंडळींच्या मतदारसंघातून उभे राहत. तिथल्या १६ जागांसाठी कॉकसने आपली १६ नावांची यादी केली. सरकारी नोकर, बड्या कंपन्यांचे साहेब, त्यांच्या आधाराने जगणारे हिंदी जस्टिस या सगळ्यांना यादी धरून मत द्यायला लावलं. निकाल लागला आणि फिरोजशहा सतरावे आले.

गंमत अशी की या डावाने त्यांना जेवढी लोकप्रियता दिली तेवढी तीस वर्षांच्या भाषणांनी दिली नव्हती. सरकारी अधिकाऱ्यांनी निवडणुकीत हात घातला म्हणून शहर खवळलं. मग निवडून आलेल्या सोळांपैकी एकाची निवड कायद्याच्या मुद्द्यावर न्यायालयात रद्द झाली आणि सतरावे फिरोजशहा आत आले. ज्या कायद्याच्या घडणीत त्यांनी आयुष्य घातलं त्याच कायद्याच्या एका कलमाने त्यांना वाचवलं. पुढे १९११ मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले. बादशहा पंचम जॉर्ज त्या डिसेंबरात मुंबईला उतरले तेव्हा शहराचे प्रथम नागरिक फिरोजशहाच होते.

शेवटच्या पाच वर्षांत त्यांनी दोन संस्थांना हात दिला. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवालांनी काढलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९१३ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे दैनिक त्यांनी सुरू करवलं आणि संपादक म्हणून बेंजामिन हॉर्निमनला आणलं. ‘टाइम्स’ने १९०७ मध्ये जे केलं त्याचं हे उत्तर होतं असं म्हणायला जागा आहे. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते गेले. १९२३ मध्ये महापालिकेच्या दारासमोर त्यांचा पुतळा उभा राहिला.

त्यांची व्यवस्था मात्र पुतळ्यापेक्षा जास्त जिवंत आहे. महापौर हे नाव १९३१ मध्ये आलं, सभासदांची संख्या वाढत २२७ झाली, मतदार सगळे झाले, पण १८८८ चा कायदा मुंबईला आजही लागू आहे. राज्यातल्या इतर महापालिकांसाठी १९४९ मध्ये जो कायदा झाला त्याचा साचाही हाच. म्हणून नाशिकला असो की सोलापूरला, आयुक्त सरकार पाठवतं, अंदाजपत्रक स्थायी समितीतून जातं आणि महापौराच्या हाती सभागृहाच्या अध्यक्षपदापलीकडे कार्यकारी अधिकार जवळजवळ काही नसतो. १९९८ मध्ये मुंबईत ‘महापौर परिषद’ आणून सत्ता निवडून आलेल्यांकडे सोपवायचा प्रयोग झाला. तो वर्षभरात गुंडाळला गेला.

फिरोजशहांची वाटणी चालते ती दोन्ही हात जागे असतील तरच. स्थायी समिती हे टक्केवारीचं ठिकाण झालं तर देखरेख संपली. आणि सभागृहच नसेल तर? ७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक. २०२५-२६ चं ७४,४२७ कोटी रुपयांचं अंदाजपत्रक आयुक्तांनी तयार केलं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केलं. क्रॉफर्डच्या वेळी निदान जस्टिस मंडळी तरी होती. याबद्दल कोणा एका अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, फिरोजशहांनीही १८७१ मध्ये तो दिला नव्हता. प्रश्न जाब विचारणारं कोणी आहे की नाही, एवढाच असतो.

१५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर मुंबईला पुन्हा नगरसेवक मिळाले. आपल्या प्रभागातला नगरसेवक फलकावर किती वेळा झळकतो ते आपल्याला न विचारताही कळतं. तो स्थायी समितीत आहे का, सभागृहात अंदाजपत्रकावर बोलला का, कोणत्या कंत्राटाला त्याने हरकत घेतली, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडलं गेलं की त्याला गाठून एवढे तीन प्रश्न जरूर विचारा.